हवेच्या गादीवरची प्रवासी नौका : ती कुठे टिकली आणि कुठे टिकली नाही

सागरवेस

गेली अकरा वर्षे मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ शहराच्या साउथसी भागात राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा समोरच्या वाइट बेटावरील राइड या गावी जातो. मधल्या सामुद्रधुनीला सोलंट म्हणतात. ती ओलांडायला मला सुमारे दहा मिनिटे लागतात, कारण मी हॉवरक्राफ्टने, म्हणजे हवेच्या गादीवर चालणाऱ्या नौकेने जातो. ही सेवा १९६५ साली सुरू झाली आणि आजही वर्षभर चालू आहे. इंग्लिश खाडीवरची हॉवरक्राफ्टची प्रचंड आणि जगभर गाजलेली सेवा मात्र २००० साली कायमची बंद झाली. लहानशी सेवा टिकली आणि मोठी बुडीत गेली, याचे कारण मी बरेच दिवस शोधत होतो. मला जे सापडले ते येथे मांडतो, जाणकारांनी त्यात भर घालावी.

आधी यंत्राविषयी थोडे. क्रिस्टोफर कॉकरेल हे मूळचे रेडिओ अभियंते होते आणि पुढे त्यांनी नौका बांधण्याचा छोटा व्यवसाय काढला. पाण्याचे नौकेच्या तळाशी होणारे घर्षण कमी कसे करावे, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९५५ साली त्यांनी मांजराच्या खाद्याचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला, दोन्ही डब्यांमधल्या अरुंद फटीतून पंख्याने हवा सोडली आणि खाली स्वयंपाकघरातला तराजू ठेवला. नुसत्या एका डब्यातून सोडलेल्या हवेपेक्षा या कडेकडेच्या झोताने तराजूवर कितीतरी अधिक जोर पडला. कडेने खाली जाणारी हवा पडद्यासारखी उभी राहते आणि आतल्या हवेला सहजी बाहेर पडू देत नाही, हे त्या दोन डब्यांनी दाखवून दिले. पुढे सरकारने हा शोध काही काळ गुपित म्हणून दडवून ठेवला. नौदलाला ते विमान वाटले आणि हवाई दलाला ती नौका वाटली, असे कॉकरेल स्वतः सांगत असत. अखेर २५ जुलै १९५९ रोजी, फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ यांच्या विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली त्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, एसआरएन-१ हे पहिले हॉवरक्राफ्ट फ्रान्समधल्या कॅलेहून निघून डोव्हरला पोहोचले.

एसआरएन-१ जमिनीपासून वीतभरच उचलले जाई, त्यामुळे लहानशी लाटही त्याला जड जाई. ही अडचण रबरी झालरीने दूर केली. नायलॉनच्या कापडावर रबराचा थर दिलेली ही झालर नौकेच्या चहूबाजूंनी लोंबते आणि हवा धरून ठेवते. तिच्या तळाच्या कडेला सुट्या पाकळ्या असतात. लाट आली की तेवढ्याच पाकळ्या मागे दुमडतात आणि लाट गेली की पुन्हा सरळ होतात. त्या सतत झिजतात आणि एकेक करून बदलाव्या लागतात. हॉवरक्राफ्टच्या देखभालीतले बरेच कष्ट आणि पैसे या पाकळ्यांवर जातात.

आता राइडचा किनारा. तेथे समुद्र फार उथळ आहे. ओहोटीला पाणी जवळजवळ अर्धा मैल मागे हटते आणि ओल्या वाळूचे मोठे पटांगण उघडे पडते. पूर्वी उतारूंना ही वाळू तुडवत गाव गाठावे लागे. १८१४ साली तेथे जो लाकडी धक्का बांधला तो याच कारणाने. आज त्याची लांबी सुमारे ६८० मीटर आहे. कॅटामरान जातीची, म्हणजे दोन जोड तळांची, प्रवासी बोट आजही त्या धक्क्याच्या टोकाला लागते आणि तेथून गावात यायला रेल्वे किंवा पायपीट करावी लागते. हॉवरक्राफ्ट मात्र गावच्या रस्त्यालगत, रेल्वे स्थानकाच्या शेजारी येते. मी अनेकदा मुद्दाम थांबून ते पाहिले आहे. प्रथम दूर पाण्यावर पांढरा फवारा दिसतो, मग मागच्या दोन पंख्यांचा घुमणारा आवाज येतो. नौका पाणी संपून वाळू सुरू होते ती रेषा ओलांडते तेव्हा तिच्या चालीत काहीही फरक पडत नाही, फक्त फवाऱ्याच्या जागी बारीक वाळू उडू लागते. मग ती काँक्रीटच्या उतारावर चढते, यंत्रांचा सूर उतरतो, झालरीतली हवा सुटते आणि एवढे मोठे धूड जनावर गुडघे मोडून बसावे तसे खाली बसते. पुढचे दार उघडते आणि लोक चार पायऱ्या उतरून थेट जमिनीवर येतात.

यावरून माझे मत असे झाले आहे की हॉवरक्राफ्टची खरी किंमत वेगात नाही. जेथे किनाराच नौकेला जवळ येऊ देत नाही, म्हणजे जेथे चिखल, उथळ वाळू, बर्फ किंवा भरती-ओहोटीतली मोठी तफावत आहे, तेथे ते टिकते. जेथे खोल बंदर आधीच आहे तेथे त्याला निव्वळ वेगावर लढावे लागते आणि वेगाची लढाई ते आज ना उद्या हरते.

जुना प्रवासी

सागरवेस, आपण इंग्लिश खाडीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. मी १९८२ साली डोव्हरहून कॅलेला हॉवरक्राफ्टने गेलो होतो. ते एसआरएन-४ जातीचे होते. या जातीची सेवा १ ऑगस्ट १९६८ रोजी डोव्हर ते बुलोन या मार्गावर सुरू झाली. मूळ नौकेत २५४ प्रवासी आणि ३० मोटारी मावत असत. पुढे दोन नौका मधोमध कापून, त्यांत नवा भाग घालून लांब करण्यात आल्या आणि त्यांत ४१८ प्रवासी व ६० मोटारी जाऊ लागल्या. छपरावर चार पंखे होते आणि मूळ नौकेत एकेका पंख्याचा व्यास १९ फूट होता. ते फिरू लागले की शेजारच्या माणसाशी बोलण्यासाठी तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागे.

खिडकीतून समुद्र दिसेल अशी माझी अपेक्षा होती, पण फवाऱ्यामुळे काच पांढरीच राहिली. लाटांवरून जाताना खडबडीत रस्त्यावरून एसटी जावी तसे हादरे बसत होते. सुमारे ३५ मिनिटांत आम्ही फ्रान्समध्ये होतो, त्याच प्रवासाला साध्या फेरीबोटीला दीड तास लागत असे. १९९५ च्या सप्टेंबरात तर यांपैकी ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ या नौकेने ही खाडी २२ मिनिटांत ओलांडली.

आपल्या निष्कर्षाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र कारणे तपशिलात पाहिली पाहिजेत. विमानात असतात तशी चार गॅस टर्बाइन इंजिने सतत चालवायची म्हणजे इंधनाचा खर्च अफाट होता आणि १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढल्यावर तो अधिकच जाणवू लागला. १९९४ साली समुद्राखालचा रेल्वे बोगदा सुरू झाला. १९९९ साली युरोपीय संघातल्या देशांमधल्या प्रवासातली करमुक्त विक्री बंद झाली आणि फेरीच्या धंद्याला तिचा मोठा आधार होता. मोठे कॅटामरान कमी खर्चात मोटारी नेऊ लागले होते. यांतले प्रत्येक कारण एकट्याने ही सेवा मारू शकले नसते. इंधनाच्या खर्चात बाकीची सगळी एका दशकात येऊन मिळाली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी शेवटची फेरी झाली.

तांडेल उरण

धागा मनापासून आवडला. आमच्या तीन पिढ्या उरणचे मोरा बंदर ते मुंबईतला भाऊचा धक्का या मार्गाशी जोडलेल्या आहेत. सागरवेस यांनी राइडच्या किनाऱ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मला मोराच डोळ्यांपुढे दिसत होते. फरक एवढाच की आमच्याकडे वाळूऐवजी गाळ आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती आणि सुकती यांच्या पाण्यात सुमारे पाच मीटरपर्यंत अंतर पडते. ठार सुकती लागली की जेटीजवळ पाणी राहत नाही, लाँच लागू शकत नाहीत आणि उतारू पाणी चढेपर्यंत ताटकळतात. रेवस बंदरालाही हेच दुखणे आहे. गाळ उपसला तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो पुन्हा भरतो.

माझा प्रश्न साधा आहे. राइडची वाळू घट्ट असते. आमच्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. अशा गाळावर हॉवरक्राफ्ट चालेल काय? आणि मध्येच इंजिन बंद पडले तर उतारूंचे काय?

गणितमास्तर

तांडेलदादा, आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आकड्यांनी देता येते. समजा नौकेचे भरलेले वजन २० टन आहे आणि हवेच्या गादीचे क्षेत्रफळ २० गुणिले ८ म्हणजे १६० चौरस मीटर आहे. म्हणजे एका चौरस मीटरवर १२५ किलो भार, अर्थात एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम साडेबारा ग्रॅम. ६० किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला आणि त्याच्या तळव्यांचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरले, तर तेथे दीडशे ग्रॅम पडतात. म्हणजे ज्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो, त्याच्यावर ही नौका माणसाच्या बाराव्या हिश्श्याइतकाच दाब देते. शिवाय तो दाब घन वस्तूचा नसून हवेचा असतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावरून पुष्कळ गोंधळ होतो. हवेच्या गादीवर चालणाऱ्या सर्वच नौका जमिनीवर चढू शकत नाहीत. काहींच्या दोन्ही बाजूंना ताठ भिंती असतात, त्या पाण्यात बुडालेल्या राहतात आणि झालर फक्त पुढे व मागे असते. यात हवा कमी गळते, इंधन वाचते आणि पाण्यातला पंखा वापरता येत असल्याने आवाजही कमी होतो. हाँगकाँगमध्ये अशा नौका बरीच वर्षे प्रवासी वाहतुकीत होत्या. पण त्यांना नेहमीसारखे खोल पाणी आणि धक्का लागतोच. मोऱ्याच्या गाळासाठी त्या निरुपयोगी आहेत. तेथे चारी बाजूंनी झालर असलेलीच नौका हवी.

हिमगौरी

मी कॅनडात क्वेबेक प्रांतात राहते, म्हणून सागरवेस यांच्या ‘बर्फ’ या शब्दापाशी थांबले. येथे तटरक्षक दलाची हॉवरक्राफ्ट हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी आणि तिच्या उथळ उपनद्यांतला बर्फ फोडतात. बर्फ साचून बांध झाला की मागे पाणी तुंबते आणि काठच्या गावांत पूर येतो. नेहमीची बर्फफोडी जहाजे अवजड असल्यामुळे उथळ पात्रात शिरू शकत नाहीत.

एवढी हलकी नौका बर्फ कशी फोडते, याचे मला फार कुतूहल होते. नौका हळू चालत बर्फाच्या कडेवर येते, तेव्हा गादीतली हवा बर्फाखाली शिरून तेथले पाणी खाली ढकलते. बर्फाच्या थराखाली पोकळी तयार होते, पाण्याचा आधार गेलेला थर स्वतःच्याच वजनाने मोडतो आणि नौका पुढच्या थराकडे सरकते. पातळ बर्फासाठी दुसरी पद्धत आहे. नौका वेगाने बर्फावरून जाते आणि तिच्यामागे बर्फाखाली उठणारी लाट त्याला उचलून तडकवते. हा गुण १९७० च्या दशकात येथील चाचण्यांत लक्षात आला. ही नौका मुळात या कामासाठी कोणी योजलेली नव्हती.

अलास्कात बेथेल या गावातून कस्कोक्विम नदीकाठच्या वस्त्यांना १९९७ पासून हॉवरक्राफ्टने टपाल आणि किराणा पोचवण्याची व्यवस्था झाली. रशियाचे ब्लागोवेशचेन्स्क आणि चीनचे हैहे या समोरासमोरच्या शहरांत आमूर नदीवर, बर्फ बोटीला अडवते पण वाहनाला पेलण्याइतका घट्टही नसतो अशा आठवड्यांत, हॉवरक्राफ्ट माणसे नेत-आणत आले आहे.

जुना प्रवासी

हिमगौरीताई, अलास्काचेच दुसरे उदाहरण आपल्या बाजूने जात नाही. किंग कोव्ह या गावातून कोल्ड बे येथील विमानतळापर्यंत, मुख्यतः रुग्णांना नेण्यासाठी, २००७ साली हॉवरक्राफ्ट सुरू झाले आणि २०१० मध्ये ते बंद करावे लागले. तेथला वारा आणि लाटा त्याला झेपल्या नाहीत आणि खर्चही स्थानिक प्रशासनाला पेलवला नाही. किनारा अडचणीचा होता, गरज जिवाची होती, तरीही नौका टिकली नाही. सागरवेस यांच्या सिद्धांतात हवामानाची अट घालायला हवी.

उलट जपानमधल्या ओइता येथे किनाऱ्याची विशेष अडचण नसतानाही हॉवरक्राफ्ट १९७१ पासून २००९ पर्यंत चालले, कारण विमानतळ आखाताच्या पलीकडे आहे आणि रस्त्याने मोठा वळसा पडतो. २०२५ मध्ये ती सेवा नव्या नौकांनी पुन्हा सुरू झाली आहे.

सागरवेस

दोन्ही हरकती मान्य आहेत. ओइताबद्दल मी एवढेच म्हणेन की तेथे पाण्याचा वळसा हाच अडथळा आहे. हवामानाची अट मात्र मी मूळ लेखात लिहायलाच हवी होती. हॉवरक्राफ्टला पाण्यात बुडालेला भाग नसल्याने आडव्या वाऱ्यात ते घसरते आणि चालकाला नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून चालवावे लागते. समुद्र खवळला की आमच्या फेऱ्या रद्द होतात आणि मला लांबच्या वाटेने जावे लागते. ४ मार्च १९७२ रोजी वादळी हवेत याच सोलंटमध्ये, साउथसीच्या किनाऱ्याजवळ, एक हॉवरक्राफ्ट उलटून पाच जणांचा मृत्यू झाला. ३० मार्च १९८५ रोजी डोव्हरच्या लाटरोधक भिंतीवर एसआरएन-४ आदळून चौघे दगावले. या घटना नजरेआड करून या वाहनाची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

तांडेलदादांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. इंजिन बंद पडले तर नौका बुडत नाही. तिचा सांगाडा तरंगणाराच असतो आणि गाळावर ती तळावर बसून राहते. पण गाळावर बसलेल्या नौकेतून उतारूंना पायी काढता येत नाही. त्यांना आणायला दुसरे हॉवरक्राफ्टच लागते. म्हणून अशा मार्गावर एकच नौका ठेवून सेवा सुरू करणे धोक्याचे आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकम उपसागरात नेमका असाच रुतवणारा प्रदेश आहे. तेथील स्वयंसेवी जीवरक्षक संस्थेने २००२ मध्ये बचावासाठी हॉवरक्राफ्ट तैनात केले. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर तेथे भरतीत सापडून बुडाले, तेव्हाच्या शोधकार्यातही ते होते. त्या वाळूवर ना बोट जाऊ शकते, ना मोटार.

खर्चाबद्दलही एक मुद्दा सांगतो. १९८३ पासून आमच्या मार्गावर गॅस टर्बाइनऐवजी साध्या डिझेल इंजिनांच्या नौका आल्या. वेग थोडा कमी झाला, पण इंधन आणि दुरुस्ती आवाक्यात आली. मला वाटते, ही सेवा वाचली ती त्या निर्णयामुळे.

मृण्मयी

१९९० च्या दशकात मुंबईतही हॉवरक्राफ्ट धावले होते, याची येथे आठवण द्यावीशी वाटते. जुहू आणि बेलापूर यांना दक्षिण मुंबईशी जोडणाऱ्या त्या फेऱ्या काही वर्षांत बंद पडल्या. मी तेव्हा शाळेत होते आणि वडिलांनी मला एकदा जुहूच्या वाळूवरून त्यात बसवले होते. आवाजाने मी कान घट्ट झाकून घेतले होते, एवढे नक्की आठवते. भाडे आमच्यासारख्या घराला रोज परवडणारे नव्हते. ती सेवा वेळ वाचवू पाहणाऱ्या वरच्या वर्गासाठी होती, आणि सागरवेस यांच्या मांडणीनुसार पाहिले तर तेथेही वेगच विकायला काढला होता.

आज कोणी मोऱ्याचा विचार करत असेल तर माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘गाळ’ म्हणजे रिकामी जागा नव्हे. ठाणे खाडीच्या याच गाळावर रोहित पक्षी चरतात, त्यासाठी २०१५ साली तेथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले. हॉवरक्राफ्टचा दाब गाळातल्या जीवांना फारसा इजा करणार नाही, हे गणितमास्तरांच्या आकड्यांवरून मला पटते. पण त्या आवाजाने उठलेला थवा पुन्हा त्याच जागी बसेल, याची खात्री कोण देईल? कांदळवनाच्या कडेने आणि पक्ष्यांच्या चराऊ जागांतून मार्ग अजिबात नेऊ नये, एवढे तरी आधी ठरले पाहिजे.

तांडेल उरण

मृण्मयीताई, आपले म्हणणे रास्त आहे. त्या पाखरांमुळे आम्हालाही कुठे पाणी उथळ आहे ते कळते, त्यांची जागा आम्ही मोडू इच्छित नाही. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे जाणारा आमचा रोजचा पाण्याचा मार्ग, रोहित पक्षी जेथे उतरतात त्या शिवडीच्या दक्षिणेला राहतो. अडचण फक्त जेटीजवळच्या शेवटच्या टप्प्याची आहे.

हा शेवटचा टप्पा नेमका किती, याचा विचार आम्ही कधी मोजून केला नाही. सगळे ‘गाळ फार आहे’ एवढेच म्हणतात. येत्या अमावास्येला पहाटे सहाच्या सुमारास ठार सुकती असेल. तेव्हा मी आणि माझा पुतण्या होडीतून दोरी टाकून जेटीच्या टोकापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो आणि येथे लिहितो.

सागरवेस

तांडेलदादा, अवश्य मोजा. अंतराबरोबर दोन गोष्टी आणखी टिपून ठेवाव्यात. गाळात खडक किंवा जुने खांब वर आलेले आहेत काय, कारण झालर फाटते ती अशाच ठिकाणी. आणि पाणी जेटीला लागायला त्या दिवशी किती तास गेले. हे आकडे आल्यावर गणितमास्तरांनी कृपया हिशोब करावा की महिन्यातले किती तास लाँच बंद राहतात. तेवढ्याच तासांसाठी हॉवरक्राफ्ट हवे की जेटी पुढे नेणे स्वस्त पडेल, हे त्यानंतरच बोलता येईल. राइडकरांनी २०० वर्षांपूर्वी जेटीच पुढे नेली होती.